मिरवणुकीनं आणलेला दगड

उचगाव,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांना,
दीपाचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. अण्णांचा गुडघा दुखतो, पण दुकानात स्टुलावर बसून ते सगळ्यांना ऑर्डरी सोडतात, म्हणजे तब्येत ठणठणीत समजा. काकीनं पाठवलेले सांडगे संपले. हा निरोप आईचा आहे. तिला मागायला लाज वाटते म्हणून माझ्या पत्रात घुसवलाय.

तुम्ही म्हणाल, दिवसभर हातात फोन असणाऱ्या पोरीला पत्र कुठून सुचलं? तात्या, फोनवर तुम्ही ऐकत नाही, बोलता. मी 'हॅलो' म्हटलं की पाऊस, ऊस, कारखान्याची तोड आणि 'बरं, ठेवू का?' इथपर्यंत तुम्ही एका दमात येता. समोर आले तर काकीला चहा ठेवायला सांगता आणि विषय तिथंच संपतो. कागदाचं बरं असतं. तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचता आणि जे पटत नाही तिथं बोट थांबतं. मला तुमचं ते थांबलेलं बोट हवं आहे.

सम्मेद सांगत होता, नव्या घराचं जोतं पुढच्या आठवड्यात भरायला घेताय. त्याआधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून त्याच्याकडंच देते. तुमचा मुलगा मंगळवारी मार्केट यार्डात येणार आहे, टपालापेक्षा तो लवकर पोचेल. जोत्याचं पुढं लिहिते. आधी कॉलेजचं सांगते, कारण एक समजल्याशिवाय दुसरं समजायचं नाही.

मी इतिहास घेते म्हटल्यावर घरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अण्णांचं म्हणणं, मेलेल्या राजांच्या तारखा पाठ करून पोरीचं काय होणार? तेव्हा तुम्ही गावाहून मुद्दाम आलात आणि म्हणालात, "हिला जे पायजे ते शिकू दे की. फार्मसी करून काय गोळ्याच इकायच्यात व्हय?" त्या वाक्यावर मी आज इथं आहे.

पण तात्या, इथं तारखा पाठ करायला लागतच नाहीत. आम्हाला भारमल सर आहेत, मुरगूडचे. उंच, आडदांड, लांबून बघितलं तर तालमीतून थेट वर्गात आल्यासारखे वाटतात, आणि आवाजही तसाच. पहिल्याच तासाला त्यांनी एकेकाला उठवून विचारलं, "आपल्या गावाबद्दल तुला खात्रीनं ठाऊक असलेली एक गोष्ट सांग." पृथ्वीराज नावाचा एक पोरगा छाती काढून म्हणाला, "सर, आमच्या पणजोबांनी नुसत्या कुऱ्हाडीनं वाघ मारलाय."

सर म्हणाले, "कशावरून?"

"सगळं गाव म्हणतंय की, सर."

"मग गाव म्हणतंय एवढं सिद्ध झालं. वाघ अजून जिता हाय."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. पृथ्वीराज रागानं लाल झाला. पण पुढच्या महिन्यात तोच पोरगा पुराभिलेखागारात जाऊन मोडी वाचायला शिकत बसला होता, वाघासाठी. अजून वाघ सापडलेला नाही. पणजोबांना रानडुकरानं फाडल्याचा एक अर्ज मात्र सापडलाय, आणि पृथ्वीराज आता वाघापेक्षा त्या डुकराचं जास्त कौतुक सांगतो.

'कशावरून' हा सरांचा एकच प्रश्न आहे. कुणी सांगितलं, ते तिथं होते का, सांगण्यात त्यांचा काही फायदा होता का, आणि याच्या उलट सांगणारं कुणी आहे का, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आमच्या निबंधांवर ते 'छान' किंवा 'चूक' असं कधी लिहीत नाहीत. समासात फक्त प्रश्न असतो. सुरुवातीला मला ते फार कोरडे वाटायचे.

मग एक दिवस असा आला. मोना नावाची आमच्या वर्गातली मुलगी, सहसा तोंड न उघडणारी. सरांच्या छापून आलेल्या एका लेखात पंचगंगेवरच्या पुलाचा जुना फोटो होता. ती तास संपल्यावर हळूच म्हणाली, "सर, हा पूल आपला नसावा, याच्या कमानी वेगळ्या आहेत." सरांनी फोटो घेतला, बघितला आणि तो घेऊनच निघून गेले. आम्हाला वाटलं, झालं, मोनाचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'माझी चूक', आणि खाली ती चूक आहे हे कशावरून ठरलं ते ओळीनं. पहिल्या ओळीत मोनाचं नाव. सर म्हणाले, "मी कमानी मोजल्या न्हाईत. तिनं मोजल्या. लिहून घ्या."

तात्या, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. वीस वर्षं शिकवणारा माणूस साठ पोरांसमोर असं उभा राहतो, आणि त्यानं तो तसूभरही लहान होत नाही. उलट त्या दिवसापासून पोरं त्यांच्या तासाला आधी येऊन बसायला लागली.

आता आपल्या गावाकडं येते. यंदा एक प्रकल्प होता. गावातली अशी एक वस्तू घ्यायची जिच्यावर सगळ्या गावाचा विश्वास आहे, आणि तो विश्वास पुराव्यानं तपासायचा. मी लगेच आपला पूरदगड घेतला. म्हटलं, घरचंच काम, मला तर सगळं पाठ. बस्तीच्या देवळासमोरचा चौक, चौकातला चौथरा, त्यावर काळा दगड, दगडावर आडवी रेघ. आजोबांच्या लहानपणीच्या महापुराचं पाणी त्या रेघेपर्यंत आलं होतं. आपल्याकडं घर बांधायचं तर आधी दगडाला हळद-कुंकू आणि नारळ, मग गवंडी पाण्याची नळी लावून रेघेची लेव्हल आपल्या जागेत आणणार, आणि जोतं त्याच्या वर. खालच्या गल्लीतलं एकही घर असं नाही ज्याचं जोतं त्या दगडाला विचारल्याशिवाय भरलंय. दुसऱ्या कुठल्या गावात ही रीत नाही म्हणून मी फार ऐटीत लिहिलं होतं. हेही लिहिलं होतं की २०१९ चं पाणी रेघेच्या कितीतरी वर गेलं, त्याअर्थी एवढा पूर गावात पूर्वी कधी आलाच नव्हता. सगळं गाव हेच म्हणतं.

निबंध परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती. 'हा दगड पहिल्यापासून इथंच होता, हे कशावरून?'

माझं डोकंच फिरलं. दगड तो, चालत जाणार आहे का? सरांच्या खोलीत जाऊन मी तसं म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "चालत न्हाई. पण माणसं उचलत्यात. दगड काय सांगतोय ते तो जिथं उभारलाय त्यावर हाय. जागा बदलली की त्येचं बोलणं बदललं."

दिवाळीत गावी आले ती याच रागात. तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्या बैठकीत सोप्यावर बसून भिंतीकडं बघत होते आणि काकी म्हणाली होती, पोरीला नजर लागली. नजर लागली नव्हती. मी तुमचा तो फोटो बघत होते. तरुण मंडळाचा. तुम्ही पुढं, फेटा बांधलेला, मिशी नुकती फुटलेली, मागं हलगी, लेझीम आणि फुलांनी सजवलेल्या बैलगाडीत आडवा ठेवलेला पूरदगड. लहानपणापासून तो फोटो बघतेय, दगडाची मिरवणूक म्हणून. मिरवणूक काढल्याशिवाय आपल्याकडं काही होतंय का? त्यामुळं मला, किंवा कुणालाच, एक साधा प्रश्न कधी पडला नाही. दगड जर चौकातच होता, तर त्याला चौकात आणायला गाडी कशाला लागली?

त्या दिवशी मी जेवले नाही ते त्यामुळं. तुम्ही दोनदा विचारलंत, मी पोट बिघडलंय म्हणाले.

मग मी शोधायला लागले. तानाबाई आजींकडं गेले. त्या म्हणाल्या, "दगूड वरच्या हिरीपाशी व्हता की. लगीन हून आले तवा त्येला म्हस बांधाय लागलेली, सासू वरडली, पुराच्या द्येवाला दावं लावतीस व्हय म्हून." आता तानाबाई आजी हेही म्हणतात की नदीवरचं धरण इंग्रजांनी बांधलं, आणि ते तर इंग्रज गेल्यावर बांधलेलं आहे. म्हणून मी सरांना म्हटलं, यांचं काही धरता येत नाही. सर म्हणाले, "धरणाचं तिनं ऐकलेलं हाय. म्हशीचं तिनं भोगलेलं हाय. दोन्ही एका तागडीत घालू नको." मला हे फार आवडलं. माणूस खोटा किंवा खरा असा अख्खा नसतो, एकेक गोष्ट वेगळी तोलायची.

नंतर सम्मेदला घेऊन वरच्या विहिरीवर गेले. त्याला रागावू नका, टेप धरायला मीच नेला. घाणेरी तोडल्यावर खाली कातळात टाकीनं कोरलेली एक चौकोनी खोबण निघाली, मातीनं भरलेली. आपल्या दगडाची रुंदी आणि जाडी तिच्यात बसते. फोटोत दगड आडवा असल्यामुळं त्याचा जमिनीत पुरायचा खडबडीत भागही दिसतो. तोही खोबणीच्या खोलीशी जुळतो.

मी उलट बाजूनंही लिहिलंय, सर तसं लिहायलाच लावतात. दगड विहिरीपाशी दुसरीकडून आणलेला असू शकतो. खोबण दुसऱ्या कशाची तरी असू शकते. पण कातळात एवढं कोरून नुसता शोभेला दगड कोण बसवेल? म्हणून निबंधात मी 'दगड खाली आणला हे नक्की' आणि 'तो मुळात विहिरीपाशी होता हे बहुधा' असं वेगवेगळं लिहिलं. सरांनी 'बहुधा' या शब्दाखाली रेघ मारली. समासात प्रश्न नव्हता. त्यांच्याकडची हीच शाबासकी.

तात्या, एवढं सगळं लिहिलं, पण जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही. आता लिहिते.

२०१९ ला पाणी वरच्या विहिरीपर्यंत आलंच नव्हतं. माणसं तिथंच गुरं घेऊन उभी होती. दगड जर तिथला असेल, तर आजोबांच्या वेळचा पूर २०१९ पेक्षा मोठा होता. म्हणजे 'एवढं पाणी पुन्हा येत नाही' हे आपण सगळे ज्याच्या भरवशावर म्हणतो, तो भरवसाच नाही. तुम्ही नवं जोतं २०१९ च्या खुणेवर एक हात चढवून घेताय. तेवढं पुरणार नाही. त्या घरात उद्या सम्मेदची बायको बाळ घेऊन येणार आहे.

आणि दुसरं. त्या साली सगळी गल्ली निघाली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "दगडाच्या वर पाणी येत न्हाई." आणि तुम्ही आणि काकी थांबलात. बोटीनं तुम्हाला माळवदावरून काढलं. काकीची राणी म्हैस दाव्यालाच गेली. तेव्हापासून तुम्ही त्या चौकातून जात नाही, बस्तीला मागच्या बोळानं जाता, हे मला माहीत आहे. अण्णांनाही आहे. कुणी बोलत नाही.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही हो. देवाशपथ नाही. तुम्ही दगडावर विश्वास ठेवलात, आणि दगडानं तुम्हाला फसवलं नाही, तो फक्त चुकीच्या जागी उभा होता. मला रडू येतंय, पण लिहायचं थांबत नाही. लहान असताना कुणाचंही भांडण असो, गाव म्हणायचं, तात्यासोंना विचारा. मोठा माणूस म्हणजे काय हे मला सरांनी दाखवायच्या आधी तुम्ही दाखवलंय.

माझ्याकडं फोटो आहे, खोबण आहे, म्हैस बांधणारी आजी आहे. गाडीवर बसलेला माणूस नाही. तुम्ही काही सांगितलंत तर मी ते लिहीन. नाही सांगितलंत तरी तुमच्यावरची माझी माया कमी व्हायची नाही, निबंधात तुमचं नाव येणार नाही. पण जोतं तेवढं भरू नका. हे निबंधासाठी नाही, माझ्यासाठी मागते.

काकीला नमस्कार. सांडग्यांचं विसरू नका.

तुमचं बोट कुठं थांबलं ते कळवाल या आशेत,
तुमचीच,
दीपा



गावाहून,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाला,
तात्याचे आणि काकीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सम्मेदनं दिलं आणि गोठ्यात पळाला, त्यावरूनच समजलो की काहीतरी हाय. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा काकीला वाचून दाखवलं. सांडगे बांधून ठेवलेत.

बोट दोन ठिकाणी थांबलं. ते लिहितो.

एक. मिरवणूक काढल्याशिवाय आपल्याकडं काही होत नाही, असं तू लिहिलंस. खरं हाय, पण दगड आम्ही मिरवायला आणला नाही. विहिरीला मोटार बसली, बायका पाण्याला वर जायच्या थांबल्या. वर कुणी फिरकंना, दगड घाणेरीत बुडला. आम्ही चौघांनी ठरवलं, पोराबाळांना पूर दिसला पाहिजे, इसरता कामा नये, म्हणून चौकात आणू. गाडी आकारामची, बैल आपले. मी गाडीवर बसलो होतो. पूर इसरू नये म्हणून दगड आणला, आणि त्यापायीच गाव पूर इसरलं. दगड हलवतोय म्हणजे रेघ हलवतोय, हे चौघांतल्या एकाच्याबी टकुऱ्यात आलं नाही. निबंधात हे असंच लिही. हौस केली असं लिहू नको, आकारामला वाईट वाटंल. तो असता तर.

दोन. 'बहुधा' लिहिलंस तिथं. माझे वडील सांगायचे, त्या पुरात गाव आठवडाभर विहिरीचं पाणी पीत नव्हतं, गढूळ झालतं. मी जल्मभर समजत होतो की पावसानं झरा गढूळ झाला आसंल. काल विहिरीवर जाऊन बसलो. काठ कमरेएवढा दगडी हाय. पावसाचं पाणी त्यात शिरत न्हाई. नदीच शिरली आसणार. हे मी ऐकलेलं हाय, भोगलेलं न्हाई, तुझ्या सरांना तसं सांग. पण तुझ्या तागडीत टाकून बघ.

काकीला वाचून दाखवताना म्हशीच्या ओळीपाशी मी थांबलो. ती म्हणाली, वाचा फुडं. मग म्हणाली, "मला ठावं हाय तुमी मागच्या बोळानं का जाताय. मी कवा काय म्हटलं का?" दीपा, साडेपाच वर्षं आम्ही दोघं एका घरात ऱ्हाऊन हे बोललो नव्हतो. तुझ्या कागदानं बोललो. लई रडलो दोघं. आता बरं वाटतंय.

आज सकाळी बस्तीत मूर्तीचा प्रक्षाळ झाल्यावर पुढच्या दारानं चौकात आलो. खालच्या गल्लीला बोलावलं होतं, गवंड्याला पण. दगडाला हात लावून सगळं सांगितलं. विजयसिंह सरपंच म्हणाला, "तात्या, एका पोरीच्या अभ्यासावर गाव उठवायचं काय?" मी म्हटलं, "पोरीचं ऐकू नगासा. माझं ऐका. गाडीवर मी व्हतो." मग कोण हसलं नाही. दोन घरांची जोती भरायची व्हती, त्यांनी काम थांबवलं. आपलं मी मंगळवारीच थांबवलंय. घर आता वरच्या रानात, विहिरीच्याबी वर बांधणार. रस्ता लांब पडंल, सम्मेदची कुरकूर हाय, करू दे.

दगड परत वर न्यायचा ठरलाय. पोरं हलगी लावूया म्हणत्यात. मी नको म्हटलं. ह्या बारीला लेव्हल घेऊन न्यायचा, आणि तू आन् तुझे सर आल्याशिवाय त्येला हात लावायचा न्हाई. सरांना म्हणावं पावणं म्हणून या, काकी जेवाय घालंल. त्या मोना पोरीलाबी आण, जी मोजती.

तू मला मोठा माणूस म्हटलंस. ते मला कळत न्हाई. पण तू लहान व्हतीस तवा माझ्या खांद्यावर बसून दगडावरची रेघ बोटानं दाखवायचीस, आणि आज तूच मला ती कुठं हाय ते दाखवलंस, हे मला कळतं. लई शिक.

निबंधात नाव घालायला परवानगी आहे. पुरं घाल, आणि नावाच्या आधी हेही घाल.

पूरदगड वरून खाली आणणाऱ्या चौघांपैकी, आज हयात असलेला एकटा,
तात्यासो भूपाल मगदूम